कंपनीनं परत घेतलेला फ्रिज

माणसानं वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचावं, शेवटचं वाचावं, पण मधल्या पानांच्या वाटेला जाऊ नये. मी गेलो. तिथे एका चौकटीत छापलं होतं की आता ज्यानं वस्तू बनवली, त्यानंच ती निकामी झाल्यावर परत घ्यायची, असा कायदा आहे. टीव्ही, फ्रिज, मोटारी, सगळं त्यात आलं. आपण फक्त फोन करायचा. मग कंपनी येणार, वस्तू घेऊन जाणार आणि तिची शास्त्रीय पद्धतीनं विल्हेवाट लावणार. मी ती चौकट बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, दुपारी भंगारवाला येतो, त्यालाच हाक मारते.

इथेच आमचं जमत नाही. कायदा आपल्या बाजूनं असण्याचा योग माणसाच्या आयुष्यात एखादाच येतो, आणि तो भंगारवाल्यावर उधळायचा? मी तिला दोन गोष्टी बजावल्या. एक, भंगारवाल्याला हाक मारायची नाही. दोन, फ्रिज कंपनीच नेईल, आणि हात जोडून नेईल.

फ्रिज आमच्या आतल्या खोलीत होता. तो गार करायचा थांबला त्याला बरीच वर्षं झाली, पण मध्यमवर्गीय घरात वस्तू मरत नाहीत, त्यांची नुसती बदली होते. स्वयंपाकघरात नवा फ्रिज आला आणि जुना आतल्या खोलीत कपाट म्हणून रुजू झाला. त्यात स्वेटर होते, एकेकटे उरलेले बूट होते, कुठल्याच यंत्राच्या नसलेल्या वायरी होत्या, आणि फ्रीजरच्या कप्प्यात बायकोनं कुणाला सापडू नये म्हणून ठेवलेल्या आणि आता तिलाही न सापडणाऱ्या किल्ल्या होत्या. भिंतीच्या बरोबर मधोमध तो असा बसला होता की एका बाजूला खाट मावत नव्हती आणि दुसऱ्या बाजूला माणूस. जागचा हलवायचा तर चार माणसं लागली असती, आणि चार माणसं त्या खोलीत मावत नव्हती.

आणि जागा हवी होती आईसाठी. आम्ही तीन भाऊ, आई आमच्याकडे पाळीपाळीनं असते. गुडघ्याचं ऑपरेशन दादाकडे झालं होतं, आता पाळी माझी. मागच्या खेपेला तिची खाट आम्ही बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात टाकली होती. न्हाणीघरात जाणारा प्रत्येक जण तिची चादर ओढत जायचा. या वेळी तिनं फोनवर शांतपणे सांगितलं, "मला खोली नको, पण रस्त्यात झोपणार नाही. जमत नसेल तर तसं सांग. मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, बाग चांगली आहे तिथली." मागून दादाचा आवाज आला, की याच्याकडे जागा आहे गं, पण ती यानं फ्रिजला दिली आहे. दादाचं विनोदाचं अंग लहानपणापासून असंच आहे. त्याला हसावं लागतं, नाहीतर तो परत सांगतो.

तेव्हा आई यायच्या आत फ्रिज जाणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. वृद्धाश्रमाबद्दल आई थट्टा करत होती असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आई थट्टा करत नाहीत. ते मलाही माहीत होतं, म्हणून त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही पाठीमागे सर्वज्ञ म्हणतो आणि तोंडावर साहेब म्हणतो. त्यांनी माझा बेत ऐकला, डोळे मिटले, आणि ते मिटलेलेच ठेवून म्हणाले की कायदा आहे हे खरं, पण तो पाळण्यासाठी नाही, असण्यासाठी आहे. त्यांच्या चुलतभावानं असाच एक टीव्ही परत करायला काढला होता. त्याचं पुढं काय झालं विचारलं, तर टीव्ही अजून आहे, भाऊ गेला, असं म्हणाले. असल्या माणसांमुळेच समाज मागे राहतो, हे मी इमारतीच्या बैठकीत उभं राहून सर्वांना ऐकवलं. शिवाय जाहीर केलं की माझा फ्रिज कंपनीच्या गाडीतून जाईल आणि ज्यांना बघायचं त्यांनी गच्चीतून बघावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कंपनीला फोन केला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाल्या की आपली धरती आपली आई आहे. मग सतार वाजली. मग त्या पुन्हा म्हणाल्या की धरती आई आहे. धरतीचं मातृत्व पुरेसं ठसल्यावर एक जिवंत मुलगी आली आणि मला नवा फ्रिज कुठला घ्यायचाय असं विचारू लागली. घ्यायचा नाही, द्यायचाय, हे तिला समजायला वेळ लागला. मी कायद्याचं नाव घेतल्यावर मात्र तिचा आवाज एकदम कागदावरून वाचल्यासारखा येऊ लागला. कंपनी जुन्या वस्तूंचं मनापासून स्वागत करते, म्हणाली. मग तिनं विचारलं, "सर, वस्तू पूर्ण आहे ना?"

आता दार आहे, आतला दिवा आहे, वर कंपनीचं नाव आहे, मग आणखी काय पाहिजे? मी म्हणालो, पूर्ण आहे.

गणवेशातले दोघे जण आले. मी त्यांना इमारतीच्या पुढच्या दारानं आणलं, म्हणजे जरा लोकांच्या डोळ्यांवर यावं. त्यांनी फ्रिज उघडला, स्वेटर बाहेर काढून माझ्या हातात दिले, आत पाहिलं, मागे पाहिलं, खाली पाहिलं. भाजीचा ट्रे नव्हता. खालचं चाकांचं स्टँड नव्हतं. आणि मागे जिथे कॉम्प्रेसर असतो, म्हणजे फ्रिजचं काळीज, तिथे एक बूट होता. त्यांच्यातला मोठा म्हणाला की हा फ्रिज नाही, कपाट आहे, आणि कपाटं आमच्या खात्यात येत नाहीत. ते गेले. गच्चीतून पाहणाऱ्यांनी मला वरूनच विचारलं की गाडी मागून येतेय का.

मी पुन्हा फोन केला. धरती पुन्हा आई झाली. मुलगी म्हणाली की सगळे मूळ भाग हवेत, आणि ते मूळ जागी बसवलेले हवेत. सुटे दिले तर ते सुटे भाग होतात आणि त्यांचा विभाग वेगळा आहे, तो अजून सुरू झालेला नाही.

मी नोकरीला विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासतो, म्हणजे एक कागद कमी आहे असं सांगून ते परत पाठवतो. इतकी वर्षं या कामात काढली, पण इतका सुंदर नियम मला स्वतःला सुचला नव्हता. तो आपल्यावरच उलटला म्हणून वाईट वाटलं, नाहीतर मी तो उतरवून घेतला असता.

आता गेलेले भाग कुठे गेले होते? चोरीला नव्हते गेले. ते 'पडूनच आहे, घेऊन जा' या वाक्यानं गेले होते. आमच्या घरातून अर्ध्या वस्तू या वाक्यानं बाहेर पडतात आणि बाकीच्या अर्ध्या त्याच वाक्यानं आत येतात. पण 'पडूनच आहे' म्हणून दिलेली वस्तू परत कशी मागायची, याचं वाक्य आपल्याकडे कुणी तयार करून ठेवलेलं नाही. मी बायकोला म्हणालो तू माग. ती म्हणाली, कायदा तुमचा आहे.

चाकांचं स्टँड वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंकडे होतं. त्यांनी त्यावर कापडांची पेटी ठेवली होती आणि ती पायानं ढकलत खोलीभर फिरवायच्या. मी कायद्यापासून सुरुवात केली, पर्यावरणावर आलो, पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचलो. काकूंनी मधेच पेटी खाली उतरवली. "घ्या हो, तुमचंच आहे," म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. त्याच संध्याकाळी बायकोचे शिवायला दिलेले कपडे घडी करून, न शिवता, आमच्या दाराच्या कडीला अडकवलेले सापडले.

भाजीच्या ट्रेमध्ये सर्वज्ञांनी पुदिना लावला होता. ट्रे न्यायला त्यांची हरकत नव्हती, पुदिन्याची होती. तो या मातीत रुळलाय, त्याला हलवताना मुळांना कळता कामा नये, असं त्यांनी मला समजावलं आणि ते काम माझ्याकडून करून घेतलं. मी कुंडी आणली, माती आणली, गुडघ्यावर बसून रोपं हलवली. मुळांना कळलं. पुदिना मान टाकून बसला, आणि येताजाता सर्वज्ञ त्या कुंडीकडे बोट दाखवून लोकांना माझं नाव सांगू लागले.

राहता राहिला कॉम्प्रेसर. तो मेहुण्याकडे होता. माझा मेहुणा दरवर्षी एक धंदा सुरू करतो. या वर्षी त्यानं आमच्या कॉम्प्रेसरला नळी आणि डबा जोडून रंगाचा फवारा मारायचं यंत्र बनवलं होतं आणि स्वतःचं फाटक, सायकल, पाण्याची टाकी, झालंच तर शेजाऱ्याच्या मांजराची एक बाजू हिरवी करून टाकली होती. तो म्हणाला, भाऊजी, पहिल्यांदाच धंद्यानं जोर धरलाय आणि तुम्ही यंत्राचा गळा दाबताय. मी म्हणालो, गळा नाही, काळीज नेतोय. त्यानं कॉम्प्रेसर दिला. मी घरी पोचायच्या आत सासूबाईंचा फोन येऊन गेला होता, आणि बायको माझ्याशी फक्त ताटासंबंधी बोलत होती.

कॉम्प्रेसर हिरवागार झाला होता. हा मूळ भाग धरतील का, म्हणून मी कंपनीच्या मुलीला विचारलं. तिनं बराच वेळ शोधलं. शेवटी, रंगाबद्दल नियम नाही सर, असं इतक्या खिन्नपणे म्हणाली की मलाच तिची समजूत घालावीशी वाटली.

मग भाग मूळ जागी बसवायला फ्रिज दुरुस्तीवाला आणला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की फ्रिज चालायला नकोय, फक्त सगळं जागच्या जागी दिसलं पाहिजे. तो भडकला. वीस वर्षांत एक काम अर्धवट केलं नाही, म्हणाला, नुसतं दिसायला पाहिजे असेल तर फोटोग्राफर बोलवा. त्यानं जोडलं, झाळलं, गॅस भरला, स्वतःच्या खिशातून कसलासा बारीक तुकडा काढून बसवला आणि खटका दाबला. फ्रिज एकदा थरथरला आणि सुरू झाला. दुरुस्तीवाला दोन पावलं मागे सरला. "हा का चालू झाला ते मला विचारू नका," म्हणाला. पण पैसे मात्र चालू केल्याचे घेतले.

फ्रिजच्या पोटातलं सगळं आता खोलीभर पसरलं होतं. आधी खोलीत एक फ्रिज होता, आता एक फ्रिज आणि एक फ्रिजभर सामान होतं. चाकांच्या स्टँडवर चढल्यामुळे तो चार बोटं उंचही दिसत होता. आणि दुसऱ्या दिवशी आई येणार होती.

कंपनीचा तपासनीसही दुसऱ्याच दिवशी येणार होता. मी मनाशी सुरेख हिशेब मांडला होता. सकाळी तपासनीस येईल, फ्रिज जाईल, दुपारी खाट लागेल, संध्याकाळी आई येईल आणि दादाचा चेहरा पाहण्यासारखा होईल. प्रत्यक्षात सकाळी दादाच आला. वाहतूक टाळावी म्हणून लवकर निघालो, म्हणाला.

दारातच त्यानं आईचं सामान माझ्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. औषधांची पिशवी, एक्स-रेचं पाकीट, शेकायची पिशवी, डॉक्टरांचे कागद. बघून घे, नंतर तक्रार नको, असं म्हणाला. मागच्या खेपेला आईच्या कानातलं यंत्र त्याच्याकडेच राहिलं होतं, तेव्हा मीही सोडलं नाही. पाकीट उघडून पाहिलं, गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या, वाचायचा चष्मा कुठंय असं विचारलं. त्याच्यावरून आमची जरा वादावादी झाली. चष्मा शेवटी गाडीत सापडला. आई तेवढा वेळ वॉकरला धरून उंबऱ्याबाहेर उभी होती, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात तपासनीसही जिना चढून आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तो थेट आत गेला, आम्ही सगळे त्याच्या मागे. त्यानं ट्रे पाहिला, स्टँड पाहिलं, हिरवा कॉम्प्रेसर पाहून टॅबमध्ये रंगाचा नियम शोधला, तो नव्हता. मग त्यानं खटका दाबला. फ्रिज इमानानं घरघरू लागला.

"चालू आहे," तो म्हणाला.

मी म्हणालो, त्याकडे लक्ष देऊ नका.

"चालू वस्तू कचरा नसते. आम्ही फक्त कचरा घेतो."

मी म्हणालो, ठीक आहे, आत्ता तुमच्यासमोर वायर कापतो.

"जाणूनबुजून बिघडवलेली वस्तू घेता येत नाही. तुम्ही माझ्यासमोर तसं बोललात, त्याचीही नोंद करावी लागेल."

म्हणजे अपूर्ण होता तेव्हा तो फ्रिज नव्हता, आणि पूर्ण झाल्यावर कचरा नव्हता. हा कायदा ज्यानं लिहिला, त्याला माझ्यासमोर उभा करा, मग मी त्याची विल्हेवाट कशी लावतो बघा. शास्त्रीय पद्धत गेली चुलीत. हे मी मनात म्हणालो. उघडपणे मी त्याला पाणी हवं का विचारलं आणि त्यानं दाखवलं तिथे सही केली. दादा दाराशी टेकून उभा होता. आईला परत घेऊन जाऊ का, असं त्यानं विचारलं. या खेपेला तो विनोद करत नव्हता. घरात तिला टेकायला जागा नाही, आणि हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई वॉकर टेकत पुढे आली.

"याला चाकं आहेत ना?" तिनं विचारलं.

तिनं वॉकरचा पाय फ्रिजला लावून जरासा रेटा दिला. फ्रिज मुकाट्यानं सरकत गेला आणि दारामागच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. अख्खी भिंत मोकळी झाली. तिथे खाट मावत होती, खाटेखाली ते पसरलेलं सामान मावत होतं, खाटेशेजारी खुर्ची मावत होती, आणि बायको, दादा, तपासनीस अशी तिघं माझ्याकडे बघत उभी राहण्याइतकीही जागा होती. म्हणजे काकूंचं स्टँड तेवढं आणलं असतं तरी भागत होतं. बायको गादी आणायला वळली. तिला बोलायची गरजच नव्हती. पुढची निदान दहा वर्षं ती या विषयावर कधीही बोलू शकते.

संध्याकाळी मोबाइलवर कंपनीचा संदेश आला. अभिनंदन, आपला फ्रिज शास्त्रीय पद्धतीनं नष्ट करण्यात आला आहे, धरतीमाता आपली ऋणी आहे. सोबत प्रमाणपत्र होतं, त्यावर एक हिरवं पान आणि माझं चुकीचं आडनाव होतं. मी फोन केला. मुलगी म्हणाली की तपासनिसांची भेट पूर्ण झाली, तुमची सही झाली, तेव्हा फ्रिजचं वजन या वर्षीच्या आमच्या उद्दिष्टात धरलं गेलं. उद्दिष्ट पूर्णही झालं, त्याबद्दल कार्यालयात सगळ्यांना पेढे वाटले.

"अहो, पण तो माझ्या घरात आहे," मी म्हणालो.

"सर, मग तो तुमचा दुसरा फ्रिज असेल."

दुसरा असेल तर तो घेऊन जा, असं मी म्हणालो. तिनं क्रमांक तपासला. या क्रमांकाचा फ्रिज अस्तित्वात नाही, तेव्हा तो नेता येणार नाही, म्हणाली. यापुढे वस्तूबद्दल शंका विचारायच्या असतील, तर ती आधी अस्तित्वात असल्याचं मला सिद्ध करावं लागेल. मी फोन ठेवला. एवढ्या निर्ढावलेपणानं मी आजवर एकाही विधवेचा दावा परत केलेला नाही. केला असलाच तर निदान पेढे तरी वाटले नाहीत.

प्रमाणपत्र बायकोनं छापून आणलं आणि चुंबकानं फ्रिजच्याच दाराला लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवते आणि मग त्यातलंच गार पाणी देते. काकू एकदा पाहून गेल्या, हसल्या आणि कपडे शिवायला घेऊन गेल्या. सर्वज्ञ दोनदा पाहून गेले.

आईच्या गुडघ्याला दिवसातून चारदा बर्फ लावायचा असतो. नष्ट झालेल्या फ्रिजमध्ये बर्फ उत्तम जमतो आणि तो खाटेपासून हाताच्या अंतरावर आहे. परवा मी बर्फाची पिशवी धरून तिच्या पायाशी बसलो होतो. जीभ सैल सुटली होती, कायद्याच्या नावानं खडे फोडत होतो. ज्यानं बनवलं त्यानं शेवटपर्यंत निभावायचं, एवढी साधी गोष्ट, पण या लोकांना बनवायचं तेवढं कळतं, परत घ्यायची वेळ आली की पूर्ण आहे का, चालू आहे का, हे आहे का आणि ते आहे का, असं बरंच बोललो. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हा तिघांना मी बनवलं," ती म्हणाली. "तुमच्यातलं कुणी उद्या मोडून दारात आलं, तर सगळं आहे का, असं मी विचारायची नाही. त्या दिवशी तुम्ही दोघं दारात माझं सामान तपासत होतात ना, तेव्हा माझा पाय फार दुखत होता रे."

पिशवीतला बर्फ विरघळून गेला होता. मी दुसरा आणायला उठलो आणि फ्रिजचं दार उघडून बराच वेळ तसाच उभा राहिलो.